सेल, बॅटरी, सोलर आणि घरातली लाईट: वीज येते कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या शाळांमध्ये मुलांना सेलचे प्रयोग दाखवताना काही प्रश्न हमखास येतात. पावसाळा तोंडावर आला की शेजारीपाजारी इन्व्हर्टरची चौकशी करायला येतात, तेव्हा वेगळ्या शब्दांत पुन्हा तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. काही प्रश्न आठवीतल्या मुलांचे आहेत, काही घर चालवणाऱ्यांचे. दोघांनाही लागणारं विज्ञान एकच आहे, म्हणून पान एकच केलं.

सेलमध्ये वीज भरलेली असते का?

नाही. हा समज आधी दूर करावा लागतो, नाहीतर पुढचं काहीच नीट उमगत नाही. दुकानातून आणलेल्या कोऱ्या सेलमध्ये वीज नसते. त्यात एकमेकांशी रासायनिक क्रिया करायला तयार असलेले दोन पदार्थ असतात. एक इलेक्ट्रॉन सोडायला बसलेला, दुसरा घ्यायला. दोघांना थेट एकत्र केलं तर इलेक्ट्रॉन जागच्या जागी या पदार्थातून त्या पदार्थात जातात, उष्णता निघते आणि खेळ संपतो.

हे डोळ्यांनी बघता येतं. कुळागर, म्हणजे सुपारीची बाग असलेल्या घरात झाडांवर बोर्डो हे बुरशीनाशक फवारण्यासाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) आणलेला असतोच. काचेच्या ग्लासात मोरचुदाचं निळं पाणी घ्या आणि त्यात जस्ताची पूड टाका. थोड्या वेळात निळा रंग फिका पडतो, तळाशी तांबूस गाळ बसतो आणि ग्लास हाताला कोमट लागतो. तो गाळ म्हणजे तांबं. जस्ताने इलेक्ट्रॉन दिले, तांब्याने घेतले. ऊर्जा बाहेर पडली, पण सगळी उष्णतेच्या रूपात. (मोरचूद विषारी आहे. हा प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखालीच करा आणि ग्लास पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.)

सेलमध्ये हेच दोन पदार्थ एकमेकांपासून लांब ठेवलेले असतात. मधे एक द्रव किंवा लेप असतो, त्यातून आयन, म्हणजे विद्युतप्रभार असलेले अणू, जाऊ शकतात पण इलेक्ट्रॉन जाऊ शकत नाहीत. मग इलेक्ट्रॉनना पलीकडे पोचायला एकच वाट उरते, बाहेरची तार. त्या वाटेवर आपण बल्ब किंवा मोटर बसवतो आणि जी ऊर्जा नुसती उष्णता होऊन गेली असती, ती कामाला लावतो. जस्त आणि मोरचूद असे वेगळे ठेवून १८३६ मध्ये जॉन डॅनियल यांनी सेल बनवला. त्यातून १.१ व्होल्ट मिळतात, आणि रसायन तेच, ग्लासातलं.

व्होल्ट आणि अँपिअर यांत फरक काय?

खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेताच्या बांधावरची मानस (पाणी आत-बाहेर सोडायची दारं) पाहिली असेल. ओहोटीला नदीची पातळी उतरते, आत शेताकडचं पाणी वरच राहतं. दारं उघडली की पाणी किती जोराने बाहेर धावेल, ते दोन्हीकडच्या पातळीतल्या फरकावर ठरतं. तो फरक म्हणजे व्होल्ट. दर सेकंदाला दारातून किती पाणी गेलं, ते अँपिअर. दारं बंद असतील तर पातळीत फरक असूनही पाणी हलत नाही. टेबलावर नुसता पडलेला सेलही तसाच: टोकांमध्ये दीड व्होल्ट आहेत, प्रवाह शून्य.

दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट. एक हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की वीजबिलावरचं एक युनिट होतं.

पेन्सिल सेल एवढासा आणि टॉर्चचा सेल एवढा मोठा, तरी दोन्ही दीड व्होल्टचेच कसे?

कारण व्होल्ट ठरतात कोणते पदार्थ वापरले यावर, किती वापरले यावर नाही. दोन्ही सेलांत जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड हीच जोडी आहे. मोठ्या सेलमध्ये माल जास्त, म्हणून तो जास्त वेळ चालतो आणि जास्त प्रवाह देऊ शकतो.

साध्या, स्वस्त सेलचं बाहेरचं डबडं हेच जस्ताचं असतं आणि तीच त्याची ऋण बाजू. मधोमध कार्बनची कांडी असते. ती क्रियेत भाग घेत नाही, फक्त वीज गोळा करते. तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी आणि अमोनियम क्लोराइड किंवा झिंक क्लोराइडचा ओलसर लेप. ही जोडी जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये शोधली, तेव्हा ती काचेच्या बरणीत, पातळ द्रवात होती. सेल वापरला जातो तसं डबडं आतून झिजत जातं. म्हणून जुना सेल फुटतो आणि घड्याळाच्या आत घाण करतो.

अल्कलाइन सेलमध्येही जस्त आणि मँगनीजच असतं, पण मधला लेप पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा. तो महाग असतो. भिंतीवरच्या घड्याळाला आणि रिमोटला साधा सेल पुरतो. टॉर्च, खेळणी, रक्तदाब मोजायचं यंत्र अशा जास्त प्रवाह ओढणाऱ्या वस्तूंत अल्कलाइनचे पैसे वसूल होतात.

शाळेच्या प्रदर्शनासाठी बिंबलीवर दिवा पेटवता येईल का?

येईल, आणि लिंबापेक्षा बिंबली चांगली. फळ आंबट, रसाळ, आणि परसात झाड असेल तर फुकट.

जुन्या वायरीतली तांब्याची तार घ्या आणि प्लास्टिकचं आवरण पूर्ण सोला. दुसऱ्या बाजूला जस्ताचा मुलामा दिलेला, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड खिळा. बिंबली हाताने थोडी दाबून आतून मऊ करा, साल फुटू देऊ नका. तार आणि खिळा बोटभर अंतरावर खुपसा, आत एकमेकांना टेकता कामा नयेत. मीटर लावला की साधारण ०.९ व्होल्ट दिसतात. एवढ्यावर एलईडी लागत नाही, लाल एलईडीलाही १.८ व्होल्टच्या आसपास हवेत. म्हणून तीन बिंबल्या एकापुढे एक जोडायच्या: पहिलीचा खिळा दुसरीच्या तारेला, दुसरीचा तिसरीच्या तारेला. मग एलईडीचा लांब पाय पहिल्या बिंबलीच्या मोकळ्या तारेला आणि आखूड पाय शेवटच्या खिळ्याला. दिवा मंदच लागेल, कारण प्रवाह एक मिलिअँपिअरच्याही आत असतो. खोली अंधारी करा म्हणजे नीट दिसेल. अजून फिका वाटला तर चौथी बिंबली जोडा. टॉर्चचा बल्ब मात्र कितीही बिंबल्या लावल्या तरी पेटणार नाही, त्याला शेकडोपट प्रवाह लागतो.

आता प्रदर्शनात सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. तक्त्यावर मुलं लिहितात, "फळातून वीज". परीक्षकही मान डोलावतात. वीज फळातून येत नाही, जस्तातून येते. जस्त विरघळतं, इलेक्ट्रॉन सोडतं. ते तारेतून फिरून तांब्यापाशी पोचतात आणि तिथे रसातले हायड्रोजन आयन ते घेतात. फळाचं काम फक्त आयनांना वाट देण्याचं आणि आम्ल पुरवण्याचं. हे मुलांकडून सिद्ध करून घ्या, नुसतं सांगू नका. खिळा काढून तिथेही तांब्याचीच तार खुपसा: मीटर जवळपास शून्यावर येतो. मग खिळा परत लावून बिंबलीऐवजी वाटीत कोकमाचं आगळ घ्या, नंतर माडाचं विनागर घ्या. व्होल्ट फारसे बदलत नाहीत. धातू बदलला की आकडा बदलतो, आंबट पदार्थ बदलला तर नाही, हे मुलाने स्वतः पाहिलं की धडा पाठ करावा लागत नाही.

प्रयोगातली बिंबली आमटीत घालू नका. तिच्यात जस्त आणि तांबं उतरलेलं असतं.

पहिली बॅटरी कोणी आणि कशी केली?

अलेस्सांद्रो व्होल्टा, इटली, इसवी सन १८००. त्याआधी बोलोन्यात लुइजी गॅल्व्हानी यांना दिसलं होतं की मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन वेगळे धातू लावले की पाय आकसतो. त्यांना वाटलं, वीज प्राण्याच्या शरीरातच असते. व्होल्टांना ते पटलं नाही. त्यांनी बेडूक बाजूला ठेवला. जस्ताची एक चकती, चांदीची किंवा तांब्याची एक, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत रचली. वरच्या आणि खालच्या टोकाला हात लावला की झटका बसे. ही चळत म्हणजे पहिली बॅटरी: अनेक सेल एकावर एक.

व्होल्टांनी या चळतीला "कृत्रिम विद्युत अवयव" म्हटलं होतं, कारण विजेचा झटका देणाऱ्या पाकटाचं शरीर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. असे मासे अरबी समुद्रातही आहेत. त्यांच्या शरीरात चपट्या पेशींच्या चळती असतात. एकेका पेशीचे व्होल्ट अगदी थोडे, पण शेकडो पेशी एकापुढे एक जोडलेल्या. तेव्हा गॅल्व्हानीही पूर्ण चुकले नव्हते. प्राण्याच्या शरीरात वीज तयार होते, फक्त बेडकाच्या त्या प्रयोगात पायाला लावलेल्या धातूंतून ती येत होती.

बार्जीला आणि ट्रॉलरला खाली जस्ताच्या वड्या का ठोकतात?

हा प्रश्न किनाऱ्यावरच्या मुलांचा असतो आणि माझा फार आवडता. सेल समजला की नाही, याची खरी परीक्षा इथे होते.

मांडवी किंवा जुवारी नदीत उभी असलेली लोखंडी बार्ज, फेरीबोट, नाहीतर मालिमच्या धक्क्यावरचा ट्रॉलर. पाण्याखाली काय असतं? लोखंड किंवा पोलाद, कांशाचा किंवा पितळेचा पंखा, आणि भोवती खारं पाणी. दोन वेगळे धातू, मधे आयन वाहून नेणारा द्रव, आणि धातू आतून एकमेकांना जोडलेले. म्हणजे सेल तयार झाला. तो कोणी मुद्दाम बांधलेला नाही आणि कोणाला नकोही आहे. तो दिवसरात्र चालतो. यात इलेक्ट्रॉन सोडण्याची पाळी लोखंडावर येते, आणि लोखंड विरघळत जातं.

उपाय असा की लोखंडाहूनही सहज इलेक्ट्रॉन सोडणारा धातू तिथे आणून ठेवायचा. जस्त तसा आहे. वडी थेट धातूला घट्ट बसवली की सगळी झीज ती स्वतःवर घेते. होडी दुरुस्तीला वर काढली की ही वडी जवळून पाहा: कडा खाल्लेल्या, अंगावर खड्डे, पांढुरकी खरबरीत साय धरलेली. शेजारचं लोखंड मात्र धड. वडी निम्म्याहून जास्त संपली की बदलतात. रंगारी कधी कधी होडीबरोबर वडीलाही रंग फासतो. तसं झालं तर पाण्याचा संपर्क तुटतो आणि वडी असून नसल्यासारखी होते.

घराच्या छपराचे गॅल्व्हनाइज्ड पत्रे लवकर का गंजत नाहीत, त्याचं उत्तरही हेच. समुद्राजवळच्या घरांत तांब्याचा पाईप लोखंडी पाईपला थेट जोडला की जोडाजवळचं लोखंडच आधी का सडतं, त्याचंही हेच.

काही सेल पुन्हा चार्ज होतात, काही का होत नाहीत?

चार्ज करणं म्हणजे बाहेरून उलटा जोर लावून रासायनिक क्रिया मागे नेणं. काही क्रिया सरळ मागे जातात आणि पदार्थ आपल्या मूळ जागी बसतात. साध्या सेलमध्ये तसं होत नाही. जस्त वेडंवाकडं साठतं, आत वायू तयार होतो, सेल गळतो किंवा फुटतो. ज्यावर रिचार्जेबल लिहिलेलं नाही, तो चार्जरला लावू नका. उन्हात ठेवून सेल "चार्ज" होतो असं म्हणतात, तेही खरं नाही. गरमीने क्रिया जरा वेग घेते आणि उरलासुरला माल थोडा जास्त निघतो, एवढंच.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी का घालावं लागतं? ॲसिड का नाही?

ही शिसे आणि आम्लाची बॅटरी गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शोधली आणि आजही घरोघरी तीच आहे. आत सहा कप्पे, प्रत्येकी दोन व्होल्ट, मिळून बारा. प्रत्येक कप्प्यात एक बाजू शिशाची, करडी. दुसरी लेड डायऑक्साइडची, चॉकलेटी. दोन्ही पातळ गंधकाम्लात बुडालेल्या. बॅटरी उतरताना दोन्ही बाजूंवर लेड सल्फेट जमतं आणि आम्ल खर्च होऊन पाणी तयार होतं. चार्ज करताना हे उलट होतं आणि आम्ल परत येतं.

मेकॅनिक ग्रॅव्हिटी, म्हणजे द्रव पाण्याच्या किती पट जड आहे ते, बघतो ती याचसाठी. भरलेल्या बॅटरीतल्या द्रवाची ग्रॅव्हिटी साधारण १.२४ ते १.२८ असते, उतरली की १.१५ किंवा त्याखाली जाते. सहा कप्प्यांपैकी एकाचाच आकडा खाली असेल, तर तो कप्पा गेला असं समजा.

आम्ल असं फिरून परत येतं, ते संपत नाही. संपतं फक्त पाणी. चार्जिंगच्या शेवटी थोडं पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातं. म्हणून डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. ॲसिड घातलं तर द्रव गरजेपेक्षा तीव्र होतो आणि प्लेटा खातो. विहिरीचं पाणीही नको. आपल्या तांबड्या मातीतल्या विहिरींच्या पाण्यात लोह असतं, किनाऱ्यालगत क्षार. दोन्हींमुळे बॅटरी आतल्या आत उतरत राहते.

आणि हे चवथीच्या आधी प्रत्येक घरात सांगावंसं वाटतं: उडून गेलेला तो हायड्रोजन हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो. बंद खोलीत, गणपतीच्या मखराशेजारी, समईच्या बाजूला चार्ज होणारी बॅटरी ठेवू नका. वारा खेळेल अशी जागा तिला द्या.

दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी किती तास चालेल?

अँपिअर-अवर म्हणजे अँपिअर गुणिले तास. बारा व्होल्ट गुणिले दीडशे म्हणजे १८०० वॅट-अवर. त्यातले ८० टक्केच वापरावेत, आणि इन्व्हर्टरमध्ये पंधराएक टक्के जातात. हाताशी राहतात सव्वाबाराशेच्या आसपास. पंचाहत्तर वॅटचे दोन पंखे, नऊ वॅटचे चार बल्ब आणि राउटर मिळून दोनशे वॅट धरा: साडेपाच ते सहा तास, बॅटरी नवी असेल तर. मिक्सर, इस्त्री, फ्रीज यांची आशा धरू नका.

घर वर्षातले आठ-दहा महिने बंद असतं. दर वेळी आलो की बॅटरी मेलेली. का?

गोव्यात हा त्रास फार घरांना आहे. मुंबईला किंवा परदेशात राहणारे मे महिन्यात आणि चवथीला घर उघडतात. शिशाची बॅटरी न वापरताही हळूहळू उतरते. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवरचं लेड सल्फेट कठीण स्फटिकांत बदलतं, आणि मग ते चार्ज करूनही पुन्हा विरघळत नाही. जाताना पूर्ण चार्ज करा, पाण्याची पातळी बघा, तारा सोडवून ठेवा, आणि किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांना महिन्या-दोन महिन्यांनी एकदा दिवसभर चार्जिंगला लावायला सांगा. त्याहून जास्त दिवस बॅटरी तशीच ठेवली तर नवी घ्यायची तयारी ठेवा.

टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी येते आणि रिमोटमध्ये पांढरी पूड. दोन्ही एकच का?

नाही, आणि साफ करण्याची पद्धतही उलट आहे. इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर येतं ते आम्लामुळे. खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासा, पाणी कप्प्यांत जाऊ देऊ नका. मग कोरडं करून व्हॅसलीन लावा. दमट खाऱ्या हवेत ते दर काही महिन्यांनी करावं लागतं. अल्कलाइन सेलमधून रिमोटमध्ये गळतं ते अल्क आहे, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याची पांढरी पूड होते. तिथे कापसाच्या बोळ्यावर विनागराचे दोन थेंब घेऊन पुसा. दोन्ही वेळी हातमोजे घाला आणि डोळे सांभाळा.

मोबाईलच्या बॅटरीत काय असतं? ती का फुगते?

लिथियम आयन. एका बाजूला ग्रॅफाइट, दुसऱ्या बाजूला लिथियम असलेलं धातूचं ऑक्साइड. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना परत येतात. एका सेलचे ३.६ ते ३.७ व्होल्ट, म्हणजे साध्या सेलच्या दुपटीहून जास्त, आणि वजन कमी. बाजारात ती १९९१ मध्ये आली. जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना त्यासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तिला उष्णता सोसत नाही. गरम झालेली किंवा सतत शंभर टक्क्यांवर ठेवलेली बॅटरी आतून लवकर म्हातारी होते. शक्यतो वीस ते ऐंशी टक्क्यांत ठेवा. उशीखाली चार्जिंग नको. ई-स्कूटर दुपारच्या उन्हातून आणली की आधी सावलीत निवू द्या, मग चार्जर लावा. बॅटरी फुगली म्हणजे आत वायू झाला. ती दाबू नका, टोचू नका, वापर त्याच क्षणी थांबवा.

आपल्या घरातली लाईट कुठल्या बॅटरीतून येते?

कुठल्याच नाही. तिचं मूळ मायकेल फॅरेडे यांच्या १८३१ च्या शोधात आहे: तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरवला की तारेत वीज निर्माण होते. वीजकेंद्र म्हणजे हाच प्रयोग, फक्त अवाढव्य. चुंबक कशाने फिरवायचा एवढाच प्रश्न उरतो. कोळसा जाळून केलेल्या वाफेने, अणुभट्टीच्या उष्णतेतून केलेल्या वाफेने, किंवा कोयनेसारख्या ठिकाणी धरणातून कोसळणाऱ्या पाण्याने. कारवारजवळच्या कैगा केंद्रात २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या आहेत, आणि त्याही शेवटी पाणीच उकळतात.

गोव्यात मोठं वीजकेंद्र नाही. आपल्या वाट्याची बहुतेक वीज राष्ट्रीय ग्रीडमधून, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यातून येते: छत्तीसगडमधलं कोरबा, मध्य प्रदेशातलं विंध्याचल अशा कोळशावर चालणाऱ्या केंद्रांतून. पणजीत पंखा लावला की त्याच घडीला तिकडे तेवढा भार वाढतो. ग्रीडमध्ये वीज साठून राहत नाही, मागणी आणि निर्मिती क्षणोक्षणी जुळवावी लागते. सेलची वीज एकाच दिशेने वाहते. ही मात्र दिशा बदलत, पुढे-मागे होत सेकंदाला पन्नास फेरे पुरे करते, कारण चुंबक फिरताना त्याची उत्तर आणि दक्षिण बाजू आळीपाळीने समोर येते. इन्व्हर्टरचं काम बॅटरीच्या एकदिश विजेला असं उलटसुलट करून द्यायचं.

छपरावर सोलर आहे, तरी लाईट गेली की घरात अंधार. असं कसं?

सोलर बसवणाऱ्यांपैकी बरेच जण हे आधी सांगत नाहीत, आणि ते सांगायला हवं. तुमची यंत्रणा ग्रीडला जोडलेली आहे. वादळात माड किंवा फांदी पडून लाईन तुटली आणि लाईनमन खांबावर चढला, त्याच वेळी तुमच्या छपरावरून वीज त्या तारेत जात राहिली तर त्याचा जीव जाईल. म्हणून ग्रीड बंद होताच सोलरचा इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो. लाईट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरीसह चालणारी, हायब्रिड यंत्रणा घ्यावी लागते. ती बरीच महाग पडते.

सोलरमध्ये रासायनिक क्रिया होत नाही आणि काही फिरतही नाही. सिलिकॉनच्या पातळ चकतीत दोन थर असतात, त्यांच्या सांध्यावर विद्युत क्षेत्र असतं. प्रकाशाने मोकळा झालेला इलेक्ट्रॉन ते क्षेत्र एका बाजूला ओढतं. एका सेलचे ०.६ व्होल्ट, म्हणून पॅनेलमध्ये साठ-बहात्तर सेल ओळीने. कामाचा पहिला सिलिकॉन सेल १९५४ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत झाला, त्याची कार्यक्षमता सहा टक्क्यांच्या आसपास होती. आजच्या चांगल्या पॅनेलची वीसच्या वर आहे. एक किलोवॅटला वर्षाची सरासरी रोज चारेक युनिट धरा, जुलैत निम्म्यावर. खाणपट्ट्यात तांबडी धूळ आणि किनाऱ्यावर मिठाचा थर बसतो. सकाळी, पॅनेल तापायच्या आत, साध्या पाण्याने धुवा.

याशिवाय वीज कशाकशातून मिळते?

गॅसचा लायटर दाबता तेव्हा आत छोटा हातोडा एका स्फटिकावर आपटतो आणि हजारो व्होल्टची ठिणगी उडते. दाबातून वीज हा शोध क्युरी बंधूंचा, १८८० चा. दोन धातूंच्या सांध्याचं एक टोक तापवलं आणि दुसरं थंड ठेवलं तरी थोडी वीज मिळते. १९७७ साली सुटलेली व्हॉयेजर यानं प्लुटोनियमच्या उष्णतेवर अशाच तऱ्हेने चालत आली आहेत.

साळगावच्या कचरा प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस करून त्यावर इंजिन चालवतात आणि वीज काढतात. म्हणजे घरचा ओला कचरा वेगळा काढणं हे वीजनिर्मितीतलं पहिलं काम आहे.

इंधन सेल मात्र या पानाच्या विषयाला सगळ्यात जवळचा. त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेरून येत राहतात, वीज मिळते आणि उरतं पाणी. विल्यम ग्रोव्ह यांनी तो १८३९ मध्ये दाखवला, अपोलो यानांत तो वापरला गेला. कोचीन शिपयार्डने बांधलेली हायड्रोजन इंधन सेलवरची प्रवासी बोट २०२४ मध्ये वाराणसीसाठी तयार झाली. आपल्या फेरीबोटींकडे बघताना तिची आठवण येते.

आभाळातली वीज पकडून साठवता येईल का?

ढगात बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर घासून प्रभार वेगळे होतात, तो वेगळेपणा हवेला फाडून मिटतो ती वीज. एका लखलखाटात साधारण एक अब्ज ज्यूल, म्हणजे २८० युनिट. एखाद्या घराचा महिनाभराचा वापर फार तर. त्यातला मोठा भाग प्रकाश, आवाज आणि हवा तापवण्यात जातो, उरलेला सेकंदाच्या अगदी लहान भागात येतो, आणि कुठे पडेल ते ठाऊक नसतं. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात ढग गडगडायला लागले की टीव्ही, राउटर आणि सोलरचे स्विच काढा, शेतात असाल तर घरात या.

संपलेले सेल आणि जुन्या बॅटऱ्या कुठे टाकायच्या?

खत करायच्या खड्ड्यात नाही, आणि जाळायच्या तर मुळीच नाहीत. इन्व्हर्टरची आणि गाडीची बॅटरी नवी घेताना दुकानदाराला परत द्या, तिच्यातल्या शिशाचे पैसे तो वजा करून देतो. अंगणात बॅटरी फोडून शिसं काढायला कोणी आला तर त्याला तसं करू देऊ नका. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम करते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि त्यात लहान सेलही येतात. लिथियमच्या बॅटरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, म्हणजे पिशवीत धातूला टेकून ठिणगी पडणार नाही. रिमोट-घड्याळाचे सेल एका प्लास्टिकच्या डब्यात साठवा आणि पंचायत किंवा पालिका घातक घरगुती कचरा घेते त्या दिवशी द्या. बटण सेलचा डबा लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा वर ठेवा. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर तिथल्या ओलाव्यातून वीज वाहू लागते आणि दोन तासांत आतून भाजतं. अशा वेळी वाट न पाहता मुलाला थेट हॉस्पिटलात न्या.